असईची लढाई टेबलावर: फासे, बोटभर सैनिक आणि मॉडेलमधली गोम

"तुझं पीएचडीचं काम नेमकं काय?" असं कुणी विचारलं की मी आधी "भूजल" म्हणतो. समोरच्याला ते कळतं, कारण आमच्या मुक्ताईनगर-रावेर-यावल पट्ट्यात केळी आणि बोअरवेल यांच्यावर ज्याचं मत नाही असा माणूस सापडणार नाही. मग मी "भूजलाचं सिम्युलेशन मॉडेल" म्हणतो आणि तिथे गाडी अडते. मॉडेल म्हणजे काय, त्यात आकडे कुठून येतात, आणि मॉडेलचं उत्तर बरोबर आलं म्हणजे मॉडेलही बरोबर का, हे सांगायला सोपं उदाहरण मिळत नाही.

ते उदाहरण मला एका छंदात सापडलं. त्याचं नाव हिस्टॉरिकल वॉरगेमिंग. जुन्या लढाया टेबलावर, बोटभर उंचीच्या सैनिकांनिशी, फासे टाकून खेळायच्या. हा खेळ म्हणजे प्रौढांनी केलेलं सिम्युलेशनच आहे. त्यात आपल्या भागातली एक लढाई जगभर खेळली जाते. म्हणून आजची पोस्ट इतिहासाची आहे. भूजल शेवटी येईल, पण थोडंच.

खेळ आहे तरी काय?

दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात आणि त्यावर मावळे मांडतात, ते डोळ्यांसमोर आणा. पुण्या-साताऱ्याकडे ही प्रथा जोरात, आपल्याकडे त्या मानाने कमी, पण बाजारात मावळे मिळतातच. किल्ला झाला, मावळे मांडले, हळिवाची हिरवळ उगवली की आपला कार्यक्रम संपतो. वॉरगेमिंगवाल्यांचा कार्यक्रम तिथून सुरू होतो.

दोन खेळाडू, मध्ये मोठं टेबल. टेबलावर नदी, टेकडी, गाव. दोन्ही बाजूंना धातूचे किंवा प्लॅस्टिकचे सैनिक. सगळ्यात लोकप्रिय माप २८ मिलिमीटरचं, त्याखाली १५ आणि ६ मिलिमीटरचं. हे सैनिक बहुतेकदा कोरे येतात. गणवेशाचा रंग, बटणं, निशाणं सगळं आपण बारीक ब्रशने रंगवायचं. एकेका पलटणीला आठवडे जातात. मग नियमांचं पुस्तक: एका पाळीत पायदळ किती सेंटिमीटर चालेल, घोडदळ किती, तोफेचा पल्ला किती, गोळी लागली की नाही हे कोणत्या फाशाने ठरवायचं, आणि मार बसल्यावर पलटण टिकेल की पळेल.

हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. सगळी गोम तिथे आहे.

बुद्धिबळापासून प्रशियापर्यंत

युद्धाचा खेळ करणं आपल्याला नवीन नाही. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ, पायदळ. पण बुद्धिबळात नशीब नाही आणि जमीन नाही. चौसष्ट घरं सारखीच. घोड्याने प्यादं मारायचं ठरवलं की ते मरतंच. खऱ्या लढाईत तसं होत नाही.

१७८० मध्ये जर्मनीतल्या ब्रुन्सविकमध्ये हेलविग नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवला आणि घरांना रंग दिले: इथे पाणी, इथे डोंगर, इथे दलदल. जमीन खेळात आली. पुढे प्रशियात फॉन राइसवित्झ बापलेकांनी हा खेळ पार बदलला. वडिलांनी १८१२ मध्ये राजासाठी नदी, रस्ते, गावं दाखवणाऱ्या तुकड्यांचं टेबल केलं. ते कसेही जुळवता यायचे. मुलगा तोफखान्यातला अधिकारी. त्याने १८२४ मध्ये नियम छापले. चौकोन गेले, १:८००० प्रमाणाचा खरा नकाशा आला, एक पाळी म्हणजे दोन मिनिटं ठरलं, आणि दोन मोठ्या गोष्टी आल्या: फासे आणि पंच.

फासे का? लढाईत एकच हुकूम दहा वेळा दिला तर दहा वेगळे निकाल येतात म्हणून. पंच का? प्रत्येक सेनापतीला सगळं दिसत नाही म्हणून. खेळाडूने हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाला द्यायचा आणि त्याच्या पलटणीला जेवढं दिसेल तेवढंच पंचाने त्याला दाखवायचं. माझ्या भाषेत सांगायचं तर खेळात एकदम दोन गोष्टी शिरल्या: यादृच्छिकता आणि अपुरी माहिती. प्रशियाच्या सेनेने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला. १८७०-७१ मध्ये त्यांनी फ्रान्सला हरवल्यावर बाकीच्या सेनांचंही तिकडे लक्ष गेलं.

पण नियम फार वाढले. तक्ते बघून बघून खेळाडू कंटाळायचे. १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने उलटा मार्ग सुचवला: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. आता वाद असा, की तक्त्यावर विश्वास ठेवायचा की जाणकारावर? दीडशे वर्षं झाली, मॉडेल करणाऱ्यांच्या बैठकीत हाच वाद आजही चालू आहे.

घरगुती छंदाचं श्रेय बऱ्याच अंशी एच. जी. वेल्स यांना जातं, टाइम मशीनवाले. १९१३ च्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकात त्यांनी शिशाचे सैनिक आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफा घेऊन जमिनीवर खेळायचे नियम दिले. त्यांचं म्हणणं असं की युद्धाची हौस असेल तर ती अशी फरशीवर भागवावी, खरं युद्ध फार महाग आणि मूर्खपणाचं असतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचं 'वॉर गेम्स' आलं आणि ब्रिटनमध्ये छंदाला खरा बहर आला.

आपल्या शेजारचं युद्ध

आता आपल्या भागाकडे येऊ. ब्रिटिश खेळाडूंना भारतातली जी लढाई सगळ्यात जास्त खुणावते त्यांपैकी एक म्हणजे असई, २३ सप्टेंबर १८०३. एक कारण म्हणजे ही वेलिंग्टनची, म्हणजे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्याची, पहिली मोठी मैदानी लढाई. तेव्हा तो फक्त मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता, वय ३४, आणि मोठा भाऊ गव्हर्नर जनरल. दुसरं कारण, बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या शार्प मालिकेतली असईवरची कादंबरी १९९८ मध्ये आली आणि पुष्कळ खेळाडू तिथून या लढाईकडे वळले.

असई जालना जिल्ह्यात, भोकरदन-जाफराबादच्या बाजूला. अजिंठ्याचा घाट उतरला की खान्देश. पण हे युद्ध घाटावरच नव्हतं, आपल्या दारातूनही गेलं. १८०२ च्या शेवटी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची फौज पदरी घेतली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना ते मान्य नव्हतं. १८०३ च्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात त्यांच्या फौजा बुऱ्हाणपूर ते मलकापूर या पट्ट्यात होत्या. म्हणजे आपल्या तापी-पूर्णेच्या संगमाच्या आजूबाजूलाच. ऑगस्टमध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला, या फौजा अजिंठ्याच्या घाटाने वर चढल्या, आणि सप्टेंबरमध्ये असईला गाठ पडली. तिथून माघार पुन्हा अजिंठा उतरून खाली. ऑक्टोबरमध्ये कर्नल स्टीव्हन्सनने बुऱ्हाणपूर आणि पाठोपाठ अशीरगड घेतला. २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेला अडगावची लढाई, डिसेंबरात गाविलगड पडला, मग देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह. नकाशावर हे बिंदू जोडा. आपण त्या वेढ्याच्या मधोमध राहतो.

असईला काय घडलं?

थोडक्यात सांगतो. शिंद्यांचं कवायती पायदळ, ज्याला कंपू म्हणत, सुमारे १०,८०० होतं. त्यातला मोठा भाग अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली. तो पूर्वी इंग्रज कंपनीच्याच फौजेत सार्जंट होता. शंभराच्या आसपास तोफा. शिवाय शिंदे-भोसल्यांचं हजारोंचं घोडदळ. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढाईला सुमारे ४,५०० कवायती सैनिक. स्टीव्हन्सनची दुसरी फौज दुसऱ्या वाटेने येत होती. तिची वाट न बघता त्याने त्याच दुपारी हल्ला करायचं ठरवलं.

मध्ये केळणा नदी. वाटाड्ये म्हणाले, पुढे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं, पिंपळगाव आणि वरूड. त्याने हिशोब केला: समोरासमोर दोन गावं आहेत म्हणजे ये-जा असणार, ये-जा आहे म्हणजे उतार असणार. उतार निघाला. हा तर्क कुठल्याही खेड्यातल्या माणसाला लगेच पटेल.

नदी ओलांडून तो केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला, मराठी फळीच्या बगलेवर. बगलेवर हल्ला आला की फळी कोलमडते, असा त्याचा अंदाज. पण पोलमनच्या पलटणींनी तेवढ्यात अख्खी फळी काटकोनात वळवली आणि तोंड त्याच्याकडे केलं. हजारो माणसं आणि तोफा शत्रूसमोर वळवणं ही फार अवघड कवायत आहे. वेलस्लीला ती अपेक्षित नव्हती.

पुढचे काही तास भयंकर होते. तोफांनी इंग्रज फळी भाजून काढली. उजवीकडची ७४ वी हायलँडर पलटण भरकटून असई गावाच्या तोफांपुढे गेली आणि जवळजवळ संपली. घोडदळाच्या हल्ल्याने उरलेले कसेबसे वाचले. इंग्रज फळी तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी इंग्रजांच्या पाठीवर मारा केला. त्या तोफा वेलस्लीला पुन्हा घ्याव्या लागल्या. संध्याकाळी मैदान इंग्रजांकडे राहिलं, ९८ तोफा त्यांच्या हाती आल्या. पण त्यांचे ४२८ मेले, १,१३८ जखमी झाले, १८ बेपत्ता. एकूण १,५८४, म्हणजे लढलेल्यांचा साधारण तिसरा हिस्सा. वॉटर्लू होऊन गेल्यावरही वेलिंग्टन आपल्या लढायांत असईला फार वरचं स्थान द्यायचा.

टेबलावर मांडायला घेतलं तर

आता मॉडेल करू. पहिला प्रश्न मापाचा. २८ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे साडेपाच फुटी माणसाचा साधारण साठावा भाग. बंदुकीचा कामाचा पल्ला शंभर मीटर धरला तर याच प्रमाणात तो टेबलावर १६६ सेंटिमीटर होईल. लढाई सुरू होण्याआधीच टेबल संपेल. म्हणून खेळाडू माणसाला एक माप लावतात आणि जमिनीला दुसरं. जमीन १:१००० धरली की तोच पल्ला १० सेंटिमीटर होतो. सैनिक गावातल्या देवळापेक्षा उंच दिसतात, पण खेळ चालतो.

दुसरा प्रश्न संख्येचा. एक पुतळा म्हणजे ३० माणसं धरली तर कंपूचे ३६० पुतळे आणि वेलस्लीचे १५०. आणि ३० माणसांचा एक पुतळा केला की त्या तिसांतला भित्रा, शूर, तापाने फणफणलेला, पगार थकलेला असा फरक पुसला गेला. प्रत्येक मॉडेल हे करतं. मी तालुक्याच्या जमिनीचे चौकोन पाडतो तेव्हा एका चौकोनात शेकडो विहिरी असतात आणि माझ्या मॉडेलमध्ये त्यांची पातळी एकच.

तिसरा प्रश्न जिंकण्याचं गणित. १९१४ मध्ये लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने त्यासाठी समीकरणं मांडली. उघड्या मैदानात सगळेच सगळ्यांवर गोळी झाडू शकत असतील तर फौजेची ताकद दर्जा गुणिले संख्येचा वर्ग अशी असते. इथे पायदळाचं प्रमाण १०,८०० भागिले ४,५००, म्हणजे २.४. त्याचा वर्ग ५.७६. म्हणजे उघड्या मैदानात बरोबरी साधायला वेलस्लीचा एक सैनिक जवळपास पावणेसहा पट चांगला हवा. पण अरुंद जागेत, जिथे समोरासमोरचेच भिडतात, तिथे संख्येचा वर्ग होत नाही, साधं प्रमाण लागतं. तिथे २.४ पट पुरतं.

म्हणजे दोन नद्यांच्या बेचक्यात शिरल्याने वेलस्लीची अडचण कागदावर निम्म्याहून कमी झाली, आणि मराठ्यांच्या हजारो घोड्यांना पसरायला जागाच उरली नाही. एक सैनिकही बदलला नाही, फक्त जागा बदलली. मला हे गणित फार आवडतं, कारण त्यात शौर्याचा शब्दही न काढता बरंच काही उलगडतं.

पण २.४ सुद्धा मोठा आकडा आहे. तो कुठून भरून काढायचा? इथे तो शेवटचा नियम येतो.

मोरालचा आकडा

बहुतेक खेळांत प्रत्येक पलटणीला एक आकडा दिलेला असतो. त्याला मोराल म्हणतात, मराठीत धीर म्हणू. मार बसला की दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याएवढी किंवा जास्त आली तर पलटण टिकली, नाहीतर पळाली.

आता हे आकडे बघा. ते माझे आहेत, फक्त उदाहरणासाठी. इंग्रज पलटणीला ५ दिले, तर ३६ पैकी ३० वेळा ती टिकते, म्हणजे ८३ टक्के. शिंद्यांच्या पलटणीला ९ दिले, तर ३६ पैकी १० वेळा, म्हणजे २८ टक्के. फरक मोठा वाटतो, पण लढाईत एकदाच मार बसत नाही. समजा तीन वेळा धीर तपासावा लागला. इंग्रज पलटण तिन्ही वेळा टिकण्याची शक्यता ५८ टक्के राहते. शिंद्यांच्या पलटणीची? फक्त २ टक्के.

लढाई इथेच संपली. नद्या, उतार, काटकोनातली कवायत, तोफा, सगळं बाजूला राहिलं. नियमांच्या पुस्तकात कुणीतरी लिहिलेल्या ५ आणि ९ या दोन आकड्यांनी असईचा निकाल दिला.

हे आकडे येतात कुठून? जुन्या नियमांच्या पुस्तकांत ही एक सर्रास सवय होती: युरोपीय पायदळाला वरचा दर्जा, "नेटिव्ह" फौजांना खालचा. लिहिणारा दुष्ट असतो असं नाही. त्याला माहीत असतं की लढाई वेलस्लीने जिंकली. खेळ इतिहासाशी जुळायला हवा. म्हणून तो वेलस्ली जिंकेपर्यंत आकडे हलवतो. मग खेळणारा दहा वेळा खेळतो, वेलस्ली आठ वेळा जिंकतो, आणि खेळणारा म्हणतो, बघा, कवायती इंग्रज शिस्तीपुढे मराठ्यांचं काही चालणार नव्हतंच. जे गृहीत धरलं तेच निष्कर्ष म्हणून बाहेर आलं.

मॉडेलवाल्यांच्या भाषेत याला कॅलिब्रेशन म्हणतात आणि ते वाईट काम नाही. मीही तेच करतो. विहिरींची मोजलेली पातळी आणि मॉडेलची पातळी जुळेपर्यंत आकडे हलवतो. धोका दुसराच आहे. एकच उत्तर अनेक वेगवेगळ्या आकड्यांच्या संचांतून येऊ शकतं. जलविज्ञानात याला इक्विफायनॅलिटी म्हणतात. पाऊस कमी मुरतो म्हणून पातळी खाली गेली, की उपसा जास्त आहे म्हणून? दोन्ही संच मोजलेल्या पातळीशी जुळू शकतात. पण पहिला खरा मानला तर उपाय बंधाऱ्याचा, दुसरा मानला तर बोट शेतकऱ्याकडे. मॉडेलचा आलेख तोच, गावातला निकाल वेगळा.

मग असईला नक्की काय झालं?

आता तपास असा करायचा: निकाल जुळतोय का एवढंच बघायचं नाही, मधल्या घटनाही जुळतात का ते बघायचं.

ज्या पलटणींचा धीर २८ टक्क्यांचा, त्या शत्रूच्या समोर काटकोनात फळी वळवतील? त्यांचे गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन, शत्रू अंगावरून गेल्यावर पुन्हा तोफेला हात घालतील? समोरच्याचा तिसरा हिस्सा गारद होईल? ५ आणि ९ च्या खेळात यातलं जवळपास काहीच घडत नाही. निकाल जुळतो, वाट जुळत नाही. म्हणजे आकडे चुकीचे आहेत.

रँडॉल्फ कूपर या अभ्यासकाचं या मोहिमांवरचं पुस्तक २००३ मध्ये केंब्रिजने छापलं. त्यात मराठी तोफखाना आणि कवायती पायदळ मागासलेलं नव्हतं हे त्यांनी बारकाईने मांडलं आहे. महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर द बॉयनकडून हे कंपू उभे केले, आग्र्याला तोफा ओतल्या. असईला हाती आलेल्या तोफा वेलस्लीलाही उत्तम वाटल्या.

मग दुवा तुटला कुठे? एक, वरचे अधिकारी. युद्ध सुरू होताच गव्हर्नर जनरलने शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना जाहीरनामा काढून बोलावून घेतलं, पैशाची हमी दिली. पुष्कळजण गेले. कंपूचं डोकं विकत घेतलं गेलं. दोन, हुकमाची साखळी. हजारोंचं घोडदळ मुख्य लढाईत फारसं उतरलंच नाही. तीन, पैसा. कंपनीला कर्ज मिळत होतं आणि तिच्या शिपायाला पगार बऱ्यापैकी वेळेवर मिळत होता.

यातलं काहीही शिपायाच्या रक्तात नाही. आणि शिपाई तरी कोण होते? वेलस्लीच्या फौजेत बहुसंख्य मद्रासकडचे देशी शिपाई, शिवाय म्हैसूरचं आणि पेशव्यांचंही घोडदळ. शिंद्यांच्या कंपूत बरेचसे गंगा-यमुनेकडचे, हुकूम देणारा हॅनोव्हरचा. टेबलावर एका बाजूला लाल रंग आणि दुसऱ्या बाजूला भगवं निशाण लावून "इंग्रज विरुद्ध मराठे" असं लिहिलं की हे सगळं रंगाखाली जातं.

म्हणून मला वाटतं, असईचा प्रामाणिक खेळ करायचा तर दोन्हीकडच्या पायदळाला जवळपास सारखा धीर द्यावा. फरक हुकमात ठेवावा: शिंद्यांच्या बाजूचा हुकूम फाशाशिवाय पोचणार नाही, घोडदळ हलवायला वेगळा फासा, आणि एखादा अधिकारी सोडून गेला की त्याची पलटण एक पाळी गप्प. मग वेलस्ली कधी जिंकेल, कधी हरेल. त्या दिवशी दुपारी ते खरंच इतकं तागडीत होतं.

टेबलाच्या कडेबाहेर

एक गोष्ट मात्र कुठल्याच खेळात येत नाही. टेबल मैदानापुरतं असतं. फौज टेबलाबाहेरून येते.

वेलस्लीची मोहीम बैलांवर चालली होती. धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांकडून, तोफा ओढायला म्हैसूरचे बैल. पावसाळ्यात नद्या भरलेल्या असताना मोहीम काढायची म्हणून त्याने नावांचीही तयारी केली होती. मराठी फौजेबरोबर बाजारबुणगे, बायका-पोरं, दुकानदार. ही सगळी माणसं आणि जनावरं आपल्या मुलखातलाच चारा आणि दाणा खात होती.

खान्देशावर आधीच १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा येऊन गेल्या होत्या. मग हे युद्ध. मग १८०३-०४ चा दुष्काळ. १८८० च्या खान्देश गॅझेटिअरमध्ये त्याची नोंद आहे: उभी पिकं गेली, जमिनी पडीक राहिल्या. असईला पडलेल्या इंग्रज बाजूच्या सैनिकांचा आकडा आपल्याला एककापर्यंत माहीत आहे, ४२८. त्या दोन वर्षांत तापीकाठच्या गावांत किती माणसं उपाशी मेली याचा आकडा कुठल्याच पलटणीच्या वहीत नाही, कारण ती कुणाच्याच हजेरीपटावर नव्हती.

मॉडेलची कड कुठे आखायची हा निर्णय गणिताचा नसतो. कड मैदानाला आखली तर असई म्हणजे एका दुपारची चार तासांची शर्थ. कड अजिंठ्यापासून अशीरगडापर्यंत आखली तर तेच युद्ध एक दुष्काळ होतं. माझ्या भूजलाच्या मॉडेललाही कड आहे. ती तालुक्याच्या हद्दीवर आखायची, की वरच्या धरणापर्यंत न्यायची, की केळीच्या बाजारभावापर्यंत, यावर कुणाची विहीर "जबाबदार" ठरते ते अवलंबून आहे.

हा छंद मला म्हणूनच आवडतो. त्यात आकडे उघड्यावर असतात. पुस्तक उघडलं की पान अमुक, पलटण तमुक, धीर ९. कुणीही बोट ठेवून विचारू शकतं, हा ९ कुठून आणला? शास्त्रीय मॉडेलमध्ये तोच ९ हजारो ओळींच्या कोडमध्ये दडलेला असतो आणि रिपोर्टमध्ये फक्त रंगीत नकाशा येतो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुमच्या गावाच्या पाण्याचा रंगीत नकाशा दाखवला, मी दाखवला तरी, तर लाल रंग कुठे आहे हे बघण्याआधी दोन प्रश्न विचारा: धीर किती धरलाय, आणि टेबलाची कड कुठे आहे?

पुढच्या पोस्टमध्ये याच दोन प्रश्नांची माझ्या मॉडेलपुरती उत्तरं देतो.